कमल रणदिवे

डॉ. कमल जयसिंग रणदिवे (पूर्वाश्रमीच्या कमल समर्थ; जन्म : ८ नोव्हेंबर १९१७, पुणे; मृत्यू : २००१) या भारतीय जैववैद्यक संशोधक होत्या. कर्करोग आणि कुष्ठरोग या दोन व्याधींवरील प्रायोगिक संशोधनासाठी त्या ओळखल्या जातात. मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात (इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर, संक्षेपाने 'आयसीआरसी') त्यांनी प्रायोगिक जीवशास्त्र व ऊतिसंवर्धन या विषयांच्या प्रयोगशाळा उभारल्या. तेथील ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा ही या प्रकारची भारतातील पहिली संशोधन प्रयोगशाळा मानली जाते. स्तनाचा कर्करोग, रक्ताचा कर्करोग, तसेच मुख, अन्ननलिका व जठर या अन्नमार्गातील कर्करोग हे त्यांच्या अभ्यासाचे प्रमुख विषय होते. त्यांच्या नावावर दोनशेहून अधिक संशोधनलेख आहेत. भारत सरकारने १९८२ साली त्यांना वैद्यकक्षेत्रातील कार्याबद्दल पद्मभूषण हा सन्मान दिला. इंडियन विमेन सायंटिस्ट्स असोसिएशन या महिला वैज्ञानिकांच्या संघटनेच्या त्या संस्थापकांपैकी एक होत. आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांनी अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यातील अकोले तालुक्यात आदिवासी बालकांच्या पोषणविषयक पाहणीचे काम केले.

रणदिवे यांची 'डॉक्टर' ही उपाधी पीएच.डी.ची आहे. त्या रुग्णांवर उपचार करणाऱ्या वैद्य नव्हत्या. त्यांचे शिक्षण वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र व कोशिकाविज्ञान या विषयांतील होते आणि त्यांचे बहुतेक काम प्रयोगशाळेत, प्राण्यांवर व पेशींवर झालेले आहे. त्यांच्या निष्कर्षांचा अर्थ लावताना ही गोष्ट लक्षात ठेवावी लागते.

जन्म, कुटुंब व शिक्षण

कमल यांचे वडील दिनकर दत्तात्रय समर्थ हे जीवशास्त्रज्ञ असून पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात अध्यापन करीत. आईचे नाव शांताबाई. आपल्या मुलांना, विशेषतः मुलींना, उत्तम शिक्षण मिळावे असा वडिलांचा आग्रह होता. कमल यांचे शालेय शिक्षण पुण्याच्या हुजूरपागा या मुलींच्या शाळेत झाले. कन्येने वैद्यकीय शिक्षण घ्यावे आणि तिचा विवाह डॉक्टरशी व्हावा, अशी वडिलांची इच्छा होती; परंतु कमल यांनी जीवशास्त्राची वाट निवडली. फर्ग्युसन महाविद्यालयातून वनस्पतिशास्त्र व प्राणिशास्त्र हे विषय घेऊन त्या विशेष प्रावीण्यासह पदवीधर झाल्या.

पुढील शिक्षणासाठी त्यांनी पुण्याच्या कृषी महाविद्यालयात प्रवेश घेतला व १९४३ साली एम.एस्सी. ही पदवी मिळविली. सीताफळ, रामफळ इत्यादी वृक्षांचा समावेश असलेल्या ॲनोनेसी कुलातील वनस्पतींचे कोशिका-आनुवंशशास्त्र हा त्यांचा विशेष विषय होता. गुणसूत्रांची संख्या, त्यांचे आकार आणि पेशीविभाजनातील त्यांचे वर्तन यांचा सूक्ष्मदर्शकाखाली अभ्यास करण्याची शिस्त त्यांना येथे लाभली. हे कृषी महाविद्यालय त्या काळी मुंबई विद्यापीठाला संलग्न होते. १९६८ मध्ये महात्मा फुले कृषी विद्यापीठाची स्थापना झाल्यावर ते राहुरी येथील या विद्यापीठाच्या कक्षेत आले.

१३ मे १९३९ रोजी त्यांचा विवाह गणितज्ञ जे. टी. रणदिवे यांच्याशी झाला आणि त्या मुंबईस आल्या. पदव्युत्तर अभ्यासात पतीचे त्यांना मोठे साहाय्य लाभले. या दांपत्यास एक पुत्र होता. त्या काळात विवाहानंतर स्त्रियांचे शिक्षण बहुधा थांबत असे. रणदिवे यांची एम.एस्सी. व पीएच.डी. या दोन्ही पदव्या विवाहानंतरच्या आहेत.

खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली

मुंबईत परळ येथे २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले. विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर (१८९५–१९७८) हे या रुग्णालयाच्या प्रयोगशाळांचे प्रमुख होते. खानोलकर यांनी लंडन विद्यापीठातून १९२३ साली विकृतिशास्त्रातील एम.डी. ही पदवी घेतली होती आणि मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात व सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयात प्राध्यापक म्हणून काम केले होते. भारतातील कर्करोग पाश्चात्त्य देशांतील कर्करोगाहून शरीरातील स्थान व कारणे या दोन्ही बाबतींत वेगळा आहे आणि त्याचे मूळ येथील लोकांच्या सवयींत शोधले पाहिजे, हे त्यांचे प्रतिपादन होते. मुंबईतील मुखाच्या कर्करोगाच्या १,००० रुग्णांचा आढावा घेणारा त्यांचा लेख १९४४ साली अमेरिकेतील 'कॅन्सर रिसर्च' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. धोतराची गाठ कमरेला सतत काचल्यामुळे होणारा त्वचेचा कर्करोग, काश्मिरात शेकोटीची कांगडी पोटाशी धरल्याने होणारा कर्करोग, आंध्रच्या किनारी भागात चुट्टा उलटा धरून ओढल्यामुळे टाळूला होणारा कर्करोग हे त्यांच्या अभ्यासाचे विषय होते.

या वातावरणात कमल रणदिवे यांच्या संशोधनास आरंभ झाला. खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी १९४९ साली मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळविली. कर्करोगप्रवणता कमीअधिक असलेल्या उंदरांच्या निरनिराळ्या वंशांतील स्तनग्रंथींच्या रचनेची तुलना हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. वनस्पतींच्या कोशिकांचा अभ्यास केलेली ही विद्यार्थिनी प्राण्यांच्या ऊतींकडे वळली ती येथे.

ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा

पीएच.डी.नंतर खानोलकर यांच्या प्रोत्साहनाने रणदिवे अमेरिकेस गेल्या आणि बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी ऊतिसंवर्धनाचे तंत्र आत्मसात केले. याच प्रयोगशाळेत १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स या रुग्ण स्त्रीच्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगातील पेशींपासून 'हेला' हा मानवी पेशींचा पहिला अखंड वाढणारा वंश तयार झाला.

ऊतिसंवर्धन म्हणजे शरीरातून काढलेल्या ऊतीचे तुकडे किंवा सुट्या पेशी शरीराबाहेर, काचेच्या पात्रात, पोषक द्रवात जिवंत ठेवणे व वाढविणे. या तंत्रामुळे एखाद्या रसायनाचा, संप्रेरकाचा वा विषाणूचा पेशीवर होणारा परिणाम संपूर्ण प्राण्याच्या शरीरातील गुंतागुंत टाळून पाहता येतो. जंतूंचा किंवा बुरशीचा किंचितही शिरकाव झाल्यास सारे संवर्धन वाया जाते. शिवाय पोषकद्रवात क्षार, शर्करा, ॲमिनो आम्ले व रक्तद्रव यांचे प्रमाण अचूक असावे लागते.

भारतात परतल्यावर रणदिवे भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात वरिष्ठ संशोधन अधिकारी म्हणून रुजू झाल्या. हे केंद्र १९५२ साली परळ येथे स्थापन झाले होते व खानोलकर त्याचे संस्थापक संचालक होते. तेथे रणदिवे यांनी प्रायोगिक जीवशास्त्र व ऊतिसंवर्धन या प्रयोगशाळा उभ्या केल्या. संवर्धनास लागणारी पोषकद्रव्ये व अभिकर्मके परदेशातून मागविणे त्या काळी खर्चाचे व वेळखाऊ होते. त्यामुळे १९६० च्या दशकाच्या आरंभी त्यांनी जीवशास्त्र व रसायनशास्त्र शिकलेल्या आपल्या सहकाऱ्यांच्या साहाय्याने ही द्रव्ये केंद्रातच तयार करण्यास सुरुवात केली. १९६६ ते १९७० या काळात त्यांनी केंद्राचे प्रभारी संचालकपद सांभाळले. कर्कजनन, कोशिका जीवशास्त्र व प्रतिकारशास्त्र या विषयांचे नवे विभाग उभे करण्यात त्यांचा पुढाकार होता. १९६६ साली हे केंद्र व टाटा स्मारक रुग्णालय एकत्र येऊन अणुऊर्जा विभागाच्या अखत्यारीत टाटा स्मारक केंद्र ही संस्था आकारास आली. संशोधन केंद्र पुढे कर्करोग संशोधन संस्था या नावाने ओळखले जाऊ लागले.

संशोधनलेखन

रणदिवे यांचे संशोधनलेख ब्रिटन, अमेरिका व भारत येथील वैज्ञानिक नियतकालिकांत सुमारे चार दशके प्रसिद्ध होत राहिले. विषयांच्या दृष्टीने त्यांचे चार गट पडतात : स्तनाचा कर्करोग, तंबाखू व सुपारीमुळे होणारे मुखाचे व अन्नमार्गाचे कर्करोग, प्रयोगासाठी सिद्ध केलेले उंदरांचे वंश, आणि कुष्ठरोगाचे जंतू.

स्तनाचा कर्करोग : अनुवंश, संप्रेरके व विषाणू

१९३६ साली अमेरिकन शास्त्रज्ञ जॉन बिट्नर यांनी असे दाखवून दिले, की उंदरांच्या काही वंशांत स्तनाचा कर्करोग आईच्या दुधातून पिलांकडे जातो. दुधातील हा घटक विषाणू असल्याचे पुढे सिद्ध झाले. विषाणू असूनही प्रत्येक मादीला कर्करोग होत नाही. तो होण्यास विशिष्ट अनुवंश व संप्रेरकांची अनुकूल स्थितीही लागते. अनुवंश, संप्रेरके आणि विषाणू या तीन घटकांचा परस्परसंबंध हा रणदिवे यांच्या स्तनकर्करोगविषयक लेखनाचा गाभा आहे. कर्करोगप्रवण व कर्करोगास दाद न देणाऱ्या वंशांतील उंदरांच्या स्तनग्रंथींची व संप्रेरकग्रंथींची तुलना करून, रोग प्रकट होण्यापूर्वीच या ग्रंथींत कोणते भेद असतात याचा शोध त्यांनी घेतला.

याच काळात मुंबईतील निरनिराळ्या समाजांतील स्त्रियांमध्ये स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण सारखे नाही, हे टाटा स्मारक रुग्णालयातील पाहण्यांतून दिसून आले होते. पारशी स्त्रियांत ते विशेष अधिक होते. त्यामुळे पारशी स्त्रियांच्या दुधात उंदरांतील विषाणूसारखा घटक असावा का, याचा शोध १९७० च्या सुमारास भारतीय व अमेरिकन शास्त्रज्ञांनी घेतला. मानवी स्तनकर्करोगाचा असा विषाणू पुढे सिद्ध होऊ शकला नाही. मात्र या निमित्ताने मुंबईतील प्रयोगशाळेचे काम जागतिक चर्चेत आले.

'स्तनाचा कर्करोग आनुवंशिक असतो हे रणदिवे यांनी प्रथम शोधून काढले' असे विधान लोकप्रिय लेखनात वारंवार आढळते. ते जपून वापरणे इष्ट. काही कुटुंबांत हा रोग पुनःपुन्हा आढळतो, हे निरीक्षण एकोणिसाव्या शतकापासून वैद्यकास ठाऊक होते. तर मानवातील 'बीआरसीए-१' हे त्यास कारण असणारे जनुक १९९४ साली ओळखले गेले. रणदिवे यांचे योगदान या दोन टोकांच्या मधल्या काळातील आहे. अनुवंश एकटा पुरेसा नसून संप्रेरके व इतर घटक यांच्याशी त्याची सांगड कशी पडते, हे त्यांनी भारतीय प्रयोगशाळेत पद्धतशीर प्रयोगांनी अभ्यासले.

मुख व अन्नमार्गाचे कर्करोग

सर्वसामान्य वाचकाच्या दृष्टीने त्यांच्या लेखनाचा हा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे. मुख, घसा, अन्ननलिका व जठर हे अन्नमार्गाचे सलग भाग आहेत. तोंडात चघळलेल्या पदार्थाचा रस थुंकला तरी त्यातील काही भाग गिळला जातोच. त्यामुळे पान, सुपारी, चुना व तंबाखू यांचा परिणाम गालाच्या आतील त्वचेपुरता मर्यादित राहतो, की पुढील मार्गावरही होतो, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

तंबाखू खाणे आणि कर्करोग यांचा संबंध भारतात १९३३ पासून चर्चेत होता. त्या वर्षी त्रावणकोरमधील विडा खाणाऱ्यांच्या मुखकर्करोगावर ऑर या डॉक्टरांचा लेख 'लॅन्सेट'मध्ये आला. १९५५ साली एल. डी. संघवी, के. सी. एम. राव व खानोलकर यांनी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये धूम्रपान व तंबाखू चघळणे यांचा अन्नमार्गाच्या वरच्या भागातील कर्करोगाशी असलेला संबंध रुग्णांच्या तुलनात्मक पाहणीतून मांडला. परंतु अशा पाहण्यांत एक अडचण कायम राहते. विडा खाणारा मनुष्य पान, सुपारी, चुना, कात व तंबाखू एकत्रच खातो, आणि पुष्कळदा विडीही ओढतो. मग यांतील दोषी पदार्थ कोणता? तंबाखू वगळून नुसती सुपारी खाल्ली तर धोका टळतो काय? या प्रश्नांची उकल प्रत्येक घटक वेगळा करून प्राण्यांवर पाहिल्याशिवाय होणे कठीण होते. रणदिवे व त्यांच्या सहकाऱ्यांनी हे काम हाती घेतले.

या विषयावरील त्यांचे पुढील लेख विशेष उल्लेखनीय आहेत :

१९७६ – सुपारी व तंबाखू यांच्या कर्ककारकतेसंबंधीचे प्रायोगिक अभ्यास. 'इंटरनॅशनल जर्नल ऑफ कॅन्सर'. सहलेखक : एस. व्ही. गोठोसकर, ए. आर. राव, बी. यू. तेजाबवाला, आर. वाय. आंबये.

१९७९ – विडा चघळणे व मुखाचा कर्करोग : हॅमस्टरवरील प्रायोगिक अभ्यास. 'इंटरनॅशनल जर्नल ऑफ कॅन्सर'. सहलेखक : एस. एन. रणदिवे, एन. एम. शिवपूरकर, एस. व्ही. गोठोसकर.

१९७९ – विड्यातील घटकांची कर्ककारकता : सुपारीचा जलीय अर्क व पॉलिफिनॉल अंश उंदरांना खाऊ घालून केलेले प्रयोग. 'ब्रिटिश जर्नल ऑफ कॅन्सर'. प्रथम लेखिका एस. व्ही. भिडे, सहलेखक शिवपूरकर, गोठोसकर व रणदिवे.

प्रयोगांची रीत अशी होती. हॅमस्टर या उंदरासारख्या प्राण्याच्या दोन्ही गालांत अन्न साठविण्याच्या पिशव्या असतात. विड्याचा तोबरा माणूस जसा गालात धरून ठेवतो, तसा एखादा पदार्थ या पिशवीच्या अस्तराशी दीर्घकाळ संपर्कात ठेवता येतो. म्हणून सुपारी व तंबाखू यांचे अर्क तेथे नियमाने लावून किंवा त्यांची पूड मेणात बसवून अस्तरातील बदल पाहण्यात आले. दुसऱ्या पद्धतीत सुपारीचा अर्क उंदरांच्या पोटात नळीने सोडून शरीरात अन्यत्र अर्बुदे होतात काय, हे तपासले गेले.

या लेखांतून दोन गोष्टी पुढे आल्या. एक, तंबाखूचा अंशही नसताना सुपारीच्या अर्कामुळे प्राण्यांत अर्बुदे होऊ शकतात. दोन, परिणाम गालापुरता राहत नाही. हॅमस्टरच्या गालपिशवीस अर्क लावला असताना त्यांच्या अग्रजठरात कर्करोग आढळला आणि या निरीक्षणाची नोंद पुढे आंतरराष्ट्रीय समीक्षणांतही घेतली गेली. अग्रजठर हा जठराचा पुढील कप्पा उंदीर व हॅमस्टर यांना असतो, माणसाला नसतो. त्यामुळे हा निष्कर्ष जसाच्या तसा मानवी जठरास लावता येत नाही. पण गिळलेल्या रसाचा अन्नमार्गाच्या अस्तरावर परिणाम होतो, याचा तो पुरावा ठरतो.

आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने (आयएआरसी) १९८५ साली तंबाखूयुक्त विडा मानवास कर्ककारक असल्याचे जाहीर केले. तंबाखूविरहित विड्याबाबत मात्र मानवी पुरावा अपुरा असल्याचे तेव्हा तिचे मत पडले. २००४ च्या प्रबंधात हे मत बदलले. तंबाखू नसलेला विडा आणि खुद्द सुपारी यांचाही समावेश मानवास निश्चितपणे कर्ककारक असलेल्या पदार्थांच्या पहिल्या गटात झाला. नागवेलीच्या पानाच्या बाबतीत प्राण्यांतील पुरावा कर्ककारकता नसल्याचे सुचवितो, असेही त्यात नोंदलेले आहे. त्यानंतरच्या पुनरावलोकनात सुपारीयुक्त विड्याचा संबंध मुखाबरोबर अन्ननलिकेच्या कर्करोगाशीही जोडण्यात आला. परळच्या प्रयोगशाळेने १९७० च्या दशकात दिलेला इशारा मानवी पुराव्याने पुष्ट होण्यास असा पाव शतकाचा काळ लागला.

या मधल्या काळात पानमसाला व गुटखा यांच्या लहान पुड्या गावोगाव पोहोचल्या. त्यांतील मुख्य घटक सुपारी हाच होय. 'तंबाखूविरहित' असा शब्द छापलेली पुडी निर्धोक असते, ही समजूत त्यामुळेच घातक आहे. सुपारीच्या सेवनाने तोंडातील अस्तर कठीण व तंतुमय होते, तोंड उघडेनासे होते आणि या विकारातून कर्करोग उद्‌भवू शकतो. महाराष्ट्र शासनाने २०१२ साली गुटखा व पानमसाला यांच्या उत्पादनावर व विक्रीवर बंदी घातली.

आयसीआरसी उंदीर व अन्ननलिकेचे विकार

प्रायोगिक कर्करोगशास्त्रात प्राण्यांचे शुद्ध वंश अत्यावश्यक असतात. भाऊ-बहिणींचा संकर अनेक पिढ्या करीत गेल्यास वंशातील सर्व प्राणी आनुवंशिक दृष्ट्या जवळजवळ एकसारखे होतात. मग दोन गटांत दिसणारा फरक प्रयोगामुळेच आहे, असे खात्रीने म्हणता येते. भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात अशा रीतीने सिद्ध झालेला उंदरांचा वंश केंद्राच्या नावावरून 'आयसीआरसी' या नावाने ओळखला जातो. त्यात स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण मोठे असते.

या वंशाचा उपयोग पुढे पचनसंस्थेच्या अभ्यासातही झाला. त्यातील काही उंदरांची अन्ननलिका जन्मतः मिळालेल्या दोषामुळे फुगलेली असते आणि अन्न जठरात सहज उतरत नाही, असे कर्करोग संशोधन संस्थेतील एच. पी. रांदेलिया व व्ही. एस. ललिता यांनी १९८८ साली नोंदविले. माणसातही अन्ननलिकेच्या खालच्या टोकाचा स्नायू सैल न पडल्यामुळे गिळण्यास त्रास होणारा असाच विकार आढळतो. कर्करोगासाठी घडविलेला प्राणी अशा प्रकारे अन्ननलिकेच्या विकाराचे प्रतिरूप ठरला.

कुष्ठरोग

कुष्ठरोगाचा जंतू १८७३ साली हॅन्सन यांनी शोधला. परंतु कृत्रिम पोषकद्रव्यावर तो वाढविण्यात आजवर कोणास यश आलेले नाही. १९५८ साली सी. व्ही. बापट, रणदिवे व खानोलकर यांनी कुष्ठरुग्णाच्या ऊतीतून मिळविलेल्या एका आम्लस्थायी जंतूचे प्रयोगशाळेत संवर्धन केल्याचे प्रसिद्ध केले. त्यास 'आयसीआरसी जीवाणू' असे नाव पडले. हा जंतू प्रत्यक्ष कुष्ठरोगाचा नसून क्षयजंतूच्या कुलातील एका वेगळ्या समूहातील आहे, असे पुढील अभ्यासांत आढळले. तरीही त्याचे काही घटक कुष्ठजंतूशी मिळतेजुळते असल्याने त्यापासून लस तयार करण्याची कल्पना पुढे आली. एम. जी. देव व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ पासून या लसीच्या चाचण्या केल्या. दक्षिण भारतात झालेल्या तुलनात्मक चाचणीच्या १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात या लसीने सुमारे ६५ टक्के संरक्षण दिल्याची नोंद आहे.

'कुष्ठरोगाची लस रणदिवे यांनी शोधली' हे वाक्यही म्हणून नेमके करून वाचावे लागते. जंतूच्या मूळ संवर्धनात त्यांचा वाटा होता. लस विकसित करण्याचे व तपासण्याचे काम पुढील पिढीने केले.

सहलेखन व श्रेय

रणदिवे यांच्या लेखांवर बहुतेक वेळा दोन ते पाच लेखकांची नावे असतात. आरंभीच्या लेखांत खानोलकर यांचे नाव मार्गदर्शक म्हणून येते. १९७० च्या दशकातील लेखांत तरुण सहकाऱ्यांची नावे पुढे येतात, तर रणदिवे यांचे नाव कधी प्रथम, कधी अखेरीस असते. जैववैद्यक लेखनाच्या प्रघातानुसार प्रथम नाव प्रत्यक्ष काम करणाऱ्याचे व अखेरचे नाव प्रयोगशाळेच्या प्रमुखाचे असते. दोनशेहून अधिक लेख ही संख्या त्यामुळे एका व्यक्तीच्या लेखणीची म्हणून घेण्याऐवजी त्यांनी घडविलेल्या प्रयोगशाळेच्या कामाची म्हणून वाचणे उचित होय.

संस्थात्मक कार्य

१९७३ च्या जून महिन्यात मुंबईत इंडियन विमेन सायंटिस्ट्स असोसिएशन या संघटनेची नोंदणी झाली. विज्ञानात पदव्या घेऊनही घर, अपत्ये व नोकरी यांच्या ओढाताणीत अनेक स्त्रिया संशोधनापासून दूर जात. त्यांना परस्परांचा आधार मिळावा आणि विज्ञान लोकांपर्यंत पोहोचावे, हा संघटनेचा हेतू होता. रणदिवे तिच्या संस्थापक सदस्यांत होत्या. संघटनेचे कार्यालय नवी मुंबईत वाशी येथे असून तिच्या शाखा देशभर आहेत. विज्ञानप्रसाराबरोबरच पाळणाघर व नोकरदार स्त्रियांसाठी वसतिगृह यांसारख्या सोयीही संघटनेने उभ्या केल्या.

अहमदनगर जिल्ह्यातील कार्य

अकोले तालुका हा अहमदनगर जिल्ह्याच्या पश्चिमेचा डोंगराळ व बहुतांशी आदिवासी भाग आहे. कळसूबाई हे महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर व भंडारदऱ्याचे धरण याच तालुक्यात आहे. येथील महादेव कोळी, ठाकर इत्यादी समाजांच्या शिक्षणासाठी राजूर येथील सत्यनिकेतन ही संस्था काम करते. या संस्थेच्या साहाय्याने रणदिवे व त्यांच्या सहकाऱ्यांनी आदिवासी बालकांच्या पोषणस्थितीसंबंधी विपुल माहिती संकलित केली. तसेच महिला वैज्ञानिकांच्या संघटनेमार्फत चाललेल्या शासनपुरस्कृत प्रकल्पांद्वारे राजूर परिसरातील व जिल्ह्यातील अन्य खेड्यांतील स्त्रियांना आरोग्य व स्वच्छता यांविषयी मार्गदर्शन केले.

भंडारदऱ्याचे पाणी ज्या प्रवरेतून खाली येते, ती नदी राहुरी तालुक्यातूनही वाहते. धरणाच्या खालच्या बाजूस कालव्यांच्या पाण्यावर ऊसशेती व साखर कारखानदारी बहरली, तर उगमाकडील डोंगरातील बालके कुपोषित राहिली. एकाच खोऱ्यातील या विषमतेच्या पार्श्वभूमीवर रणदिवे यांच्या पाहणीचे महत्त्व अधिक जाणवते.

सन्मान

१९६४ – भारतीय वैद्यक परिषदेचा पहिला रौप्यमहोत्सवी संशोधन पुरस्कार (सुवर्णपदक व १५,००० रुपये).

१९६४ – सूक्ष्मजीवशास्त्रातील कार्याबद्दल जी. जे. वाटुमल प्रतिष्ठानचा पुरस्कार.

१९८२ – पद्मभूषण (वैद्यक).

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने त्यांना गुणश्री वैद्यक वैज्ञानिक हा मान दिला होता. ८ नोव्हेंबर २०२१ रोजी, त्यांच्या १०४ व्या जन्मदिनी, गूगल या शोधयंत्राने आपल्या मुखपृष्ठावर त्यांचे चित्र प्रसिद्ध केले. त्यानंतर नव्या पिढीत त्यांच्याविषयी कुतूहल वाढले.

मूल्यमापन

रणदिवे यांनी कर्करोगावर एखादे औषध शोधले नाही किंवा एखादा रोग आपल्या नावे रूढ केला नाही. त्यांचे मोठेपण पायाभरणीचे आहे. ज्या काळी भारतात पेशींचे संवर्धन करण्याची सोय नव्हती, त्या काळी त्यांनी ते तंत्र आणून त्यासाठी लागणारी द्रव्ये येथेच बनविली, त्यात निष्णात असे विद्यार्थी घडविले आणि भारतीयांच्या सवयींतून निर्माण होणाऱ्या रोगांचे प्रश्न भारतीय प्रयोगशाळेत सोडविण्याचा परिपाठ दृढ केला.

त्यांच्या संशोधनलेखांपैकी उंदरांच्या स्तनग्रंथींवरील लेख आज मुख्यतः इतिहासाच्या अभ्यासकांना उपयोगी पडतील. सुपारीवरील लेखांचे तसे नाही. गुटख्यावर बंदी असली, तरी सुपारी खाण्याची सवय व ती निरुपद्रवी असल्याची समजूत अद्याप टिकून आहे. मुख व अन्ननलिका यांचे कर्करोग भारतात आजही मोठ्या प्रमाणावर आढळतात, आणि त्यांचा बराचसा भाग टाळता येण्याजोगा आहे. तंबाखू सोडून केवळ सुपारी खाणाऱ्यास त्या लेखांतील निष्कर्ष आजही लागू पडतो.